दाणे परत वाटीत टाकायचे

बस अशी इथं ओसरीवर. सूप माझ्या मांडीवरच राहू दे. हरभरा निवडता निवडता मला नीट बोलता येतं. सकाळपासून बघतेय, दोन चहा झाले तरी तू मूळ विषयाला हात घातला नाहीस. धाराशिवला खोली बघितलीस, फोनचं नवं कार्ड घेतलंस, पाटीसुद्धा रंगवायला टाकलीस आणि आता पोटात गोळा आलाय. येणारच गं. सत्तावीस वर्षं मुंबईत सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून काढली, तरी निवृत्तीनंतर इथं कळंबला पहिला फोन वाजला तेव्हा माझा हात थरथरत होता. पलीकडची बाई एवढंच म्हणाली, "मावशी, आमचं पोरगं सारखं पडायलंय."

त्या वाक्यावर परत येते. आधी तुझी पाटी.

'आनुवंशिक व दुर्मीळ आजार माहिती केंद्र' असं तू लिहायला टाकलंस ना? बदल ते. आनुवंशिक हा शब्द आपल्याकडं कुणाच्या तोंडात बसत नाही. बाया म्हणतात 'रक्तातलं', 'वाडवडिलांपासून आलेलं', आणि शेजारीण म्हणते 'त्या घरात खोट आहे'. तुझ्या दारात उभ्या असलेल्या सुनेला गल्लीतल्या कुणी बघितलं, की तिच्या धाकट्या नणंदेची ठरत आलेली सोयरीक डळमळते. माझ्यासमोर झालंय हे. 'लेकरांच्या आजारांची माहिती' एवढंच लिही, ज्यांना यायचं ते बरोबर येतील. वहीतही नाव-गाव लिहू नको. आकडा घाल, तालुका घाल, आणि कोणता आकडा कुणाचा ती चिठ्ठी घरी कपाटात ठेव. मी सुरुवातीला नावं लिहायची. एकदा वही टेबलावर उघडी राहिली आणि पाणी प्यायला आलेल्या माणसानं आपल्या भावकीतलं नाव वाचलं. त्या घरच्या बाईचा नंतर मला कधी फोन आला नाही. अजून सलतं ते.

फोनची वेळ सकाळी दहा ते पाच ठेवलीस तर फोन येणारच नाहीत. त्या वेळी बाया रानात असतात आणि फोन नवऱ्याच्या खिशात असतो. संध्याकाळी सात ते नऊ ठेव. आणि फोन उचलला की पहिलं वाक्य हे म्हणायचं: "आत्ता मोकळेपणानं बोलता येतंय का?" नाही म्हणाली तर कधी करू ते विचार. सासू शेजारी बसलेली असताना बाई खरं सांगत नाही, आणि तू विचारत सुटलीस तर तिला खोटं बोलायला लावशील.

असं काम जगात आधी कुणी केलं नाही असं वाटून घेऊ नकोस. फ्रान्समध्ये 1997 पासून ऑर्फानेट आहे, दुर्मीळ आजारांची माहिती एका जागी गोळा करणारं. अमेरिकेत सरकारनंच 2002 साली आनुवंशिक आणि दुर्मीळ आजारांचं माहिती केंद्र काढलं. लोक विचारतात, आणि तिथली शिकलेली माणसं शोधून, साध्या भाषेत उत्तर देतात. निदान करत नाहीत, औषध सुचवत नाहीत. इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही उत्तर मिळतं, कारण तिथल्या कितीतरी आया स्पॅनिश बोलतात. हे कळलं तेव्हा मला आपल्या उमरग्याच्या बाया आठवल्या, अर्ध्या वाक्यात कानडीत जाणाऱ्या. तुला कानडी येतं. हा तुझा मोठा आधार आहे, वापर तो.

दुर्मीळ म्हणवले जाणारे आजार सात हजारांच्या आसपास मोजतात. युरोपात दोन हजारांत एकापेक्षा कमी माणसांना होतो तो दुर्मीळ. आपल्याकडं 2021 चं राष्ट्रीय धोरण आलं, पण त्यात असा आकडा बांधलेला नाही, कारण पुरेशी मोजणीच झालेली नाही. तू सात हजार पाठ करायला बसू नकोस. ज्या घरी आहे त्या घरी तो एकच आजार असतो, आणि त्या घराला त्याचं नावसुद्धा धड कुणी सांगितलेलं नसतं.

आता तो पहिला फोन. "सारखं पडायलंय." भूम तालुक्यातलं पोरगं, सहा वर्षांचं. मी म्हटलं, घेऊन या. इथंच, याच ओसरीवर बसलं होतं. पोटऱ्या चांगल्या भरलेल्या, बाप कौतुकानं म्हणाला, "पैलवान होणार." मी त्याला म्हटलं, "बाळा, तो चेंडू आण बरं." तर ते उठताना आधी पालथं झालं, दोन्ही हात जमिनीला टेकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर हातानं चढत चढत उभं राहिलं. बापानं ते रोज बघितलं होतं, आळस समजून दोनदा मारलंही होतं. मी काही बोलले नाही. मला दुसरंच कुणीतरी दिसत होतं.

तुला आठवत असेल की नाही कुणास ठाऊक, तू लहान होतीस. मुरूमच्या मावशीचा मोठा असाच उठायचा. आणि धाकटाही.

मावशीचं पुढं बोलते. पण त्या पोराच्या आईनं काय विचारलं ते ऐक. मी तिला फक्त म्हटलं, "सीपीके नावाची रक्ताची तपासणी आहे, जिल्ह्याच्या गावी होते, ती करून या, मग मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांची चिठ्ठी." ती हो म्हणाली. दाराशी गेली, चपला घातल्या, परत फिरली आणि म्हणाली, "मावशी, पोटात असताना मी ग्रहणात भाजी चिरली होती." खरा प्रश्न तो होता. तपासणी कुठं, खर्च किती, गोळ्या कुठल्या, हे सगळं लोक आधी विचारतात. दाराशी गेल्यावर जे विचारतात त्यासाठी ते आलेले असतात. म्हणून कुणाला लवकर उठवू नकोस. चहा दे, चपला घालेपर्यंत बस.

आणि उत्तर स्पष्ट दे. "नाही बाई, ग्रहणानं नाही, तुझ्या खाण्यापिण्यानं नाही, कुणाच्या शापानं नाही." तिथं "सांगता येत नाही" असलं गुळमुळीत काही नको. तुळजापूरला नवस बोललेला असतो, येरमाळ्याला येडाईला साकडं घातलेलं असतं. त्याला हात लावायचा नाही. मी म्हणते, देवी सोडू नका आणि दवाखानाही सोडू नका. त्यावर आजवर कुणी भांडलं नाही.

आता हे बघ, हाताची वाटी करून पुढं कर. हे दोन दाणे तुझे: एक हरभरा, एक तूर. हे दोन माझे: एक हरभरा, एक तूर. तू पंचवीस वर्षं शाळेत शिकवलंस, तुला सांगायला नको. पण हे असंच शिकवायचं, कागदावर नाही. समज आपण नवरा-बायको आहोत आणि आजार थॅलेसेमिया. दोघं धडधाकट, कारण दोघांकडं एकेक हरभरा आहे आणि तेवढ्यावर भागतं. लेकरू जन्मताना डोळे मिटून एक दाणा तुझ्याकडून घेतं, एक माझ्याकडून. दोन हरभरे आले, काहीच नाही. एक हरभरा एक तूर, आपल्यासारखं. दोन्ही तुरी आल्या की ते लेकरू पहिल्या वर्षातच पांढरं पडायला लागतं आणि दर दोन-चार आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं.

एक सांगते, बदललेल्या दाण्याला 'खडा' म्हणू नकोस. सुपात खडे आहेत, तोंडात तोच शब्द येतो. पण खडा फेकून द्यायचा असतो. समोर बसलेल्या बाईच्या अंगात तो दाणा आहे. तूर म्हण. 'वाहक' हा पुस्तकी शब्दही जपून वापर. करोनानंतर त्याचा अर्थ लोकांना दुसऱ्याला लागण देणारा असा वाटतो.

हे सगळं समजून घेऊन वाशीकडची एक बाई मला म्हणाली होती, "म्हणजे चारात एक ना मावशी? ते एक होऊन गेलं. पहिल्या पोरात दोन्ही तुरी गेल्या, आता वाटीत राहिल्याच कुठं? पुढची तीन चांगली होतील." तिच्या तोंडावर इतका उजेड आला होता गं. आणि चूक माझी होती. दाणे लेकराच्या हातात दिल्यावर मी ते परत आई-बापाच्या वाटीत टाकले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी परत टाकते, तिच्याच हातानं टाकायला लावते, आणि म्हणते, "दुसऱ्या खेपेला पुन्हा हेच चार दाणे." चारात एक ही शक्यता दर खेपेला तशीच्या तशी उभी राहते. हे एक वाक्य कळलं नाही म्हणून एकामागून एक दुखणाईत लेकरं झालेली घरं मी बघितलीत. तू दुसरं काही विसरलीस तरी चालेल.

थॅलेसेमियाचंच आणखी एक. आपल्याकडं रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या. बाई वर्षानुवर्षं गोळ्या खाते आणि रक्त वाढत नाही, तेव्हा एचपीएलसी ही रक्ताची तपासणी करून घ्यायला सांग. त्यात एचबी ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर असलं, की ती तूर बाळगून आहे असं समजतात. मग नवऱ्याची तपासणी, आणि शक्यतो दिवस राहायच्या आधी. दिवस गेल्यावर आली तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा किंवा सोळाव्याच्या सुमाराला गर्भजल तपासता येतं. कायद्यानं 2021 पासून ठरावीक परिस्थितीत गर्भपाताची मुदत 24 आठवडे केली आहे, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर त्यापुढं राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडं जावं लागतं. पण ती मुदत सांगून आपण गप्प बसायचं. ठेव म्हणायचं नाही, पाड म्हणायचं नाही. एवढं मात्र ठणकावून सांग, की मुलगा-मुलगी कुणी सांगणार नाही. हिमोफिलियासारख्या आजारांत "हा आजार पोरांनाच होतो ना, मग मुलगी आहे का तेवढं बघा" असे फोन येतील. 1994 चा कायदा आहे आणि त्यात दयामाया नाही. तपासायचा तो आजार. मी अशा वेळी आवाज चढवते, तूही चढव.

नात्यातल्या लग्नांचं विचारत होतीस. आपल्याकडं मामाच्या पोरीवर पहिला हक्क, आणि सीमेकडं मामा-भाचीचंही होतं. सभेत उठून 'नात्यात लग्न करू नका' असं भाषण ठोकलंस तर गाव तुला परत बोलावणार नाही. खरं आणि पुरतं सांग. मामे-आते भावंडांचे आठातला एक भाग दाणे सारखे असतात, मामा-भाचीचे चारातला एक. म्हणून घराण्यात लपलेली तूर दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. कुठल्याही शंभर बाळांत दोन-तीनांना जन्मतः मोठी व्याधी असते. मामे-आते भावंडांच्या लग्नात ते साधारण दुपटीवर जातं. म्हणजे अशा लग्नांतलीही बहुतेक लेकरं ठणठणीत असतात. हा दुसरा भाग सांगायला विसरू नकोस, नाहीतर नात्यात दिलेल्या प्रत्येक पोरीच्या जिवाला घोर लागेल. आणि हिमोफिलिया किंवा पोटऱ्या फुगून पाय जाणारा डुशेन, यांचा नात्यातल्या लग्नाशी संबंधच नाही. ते आईकडून मुलाकडं येतात, आणि कित्येकदा घराण्यात कुणालाच नसताना नव्यानं उपटतात.

वंशावळ काढायला शीक. चौकोन पुरुष, गोल बाई, आजारी असेल तर काळा भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ. तीन पिढ्या तरी. बापाला विचारून काही मिळत नाही. आजीला विचार, कुणाचं पोर सहाव्या महिन्यात गेलं, कुणाच्या नाळेचं रक्त थांबलं नाही, हे तिला सगळं पाठ असतं. 'अंगावरचं गेलं' म्हणून सोडून दिलेलं बाळंतपणही विचार. पण लोहारा-उमरग्याकडं गेलीस तर हळू विचार. मी सास्तूरकडच्या एका घरी बसले होते, आजी-आजोबांचे चौकोन-गोल काढले आणि पुढं विचारलं, तर तो माणूस म्हणाला, "बाई, त्र्याण्णवला सगळे ढिगाऱ्याखाली गेले. माझी मोठी भावंडंपण. कोण आजारी होतं, कोण नव्हतं, सांगणारं कुणी उरलं नाही." 30 सप्टेंबरच्या त्या पहाटेनं आपल्या जिल्ह्यातली अशी किती वंशावळींची वरची ओळ पुसली असेल. मी तिथं तिरक्या रेघा ओढल्या आणि पेन खाली ठेवलं. तासभर आम्ही भूकंपाचंच बोललो.

आता पाठवायचं कुठं. महाराष्ट्रात दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र मुंबईचं केईएम. सगळे डोळे झाकून मुंबईची रात्रीची गाडी सांगतात. पण नकाशा बघ की. उमरगा, मुरूम, नळदुर्ग हा पट्टा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. उमरग्याच्या माणसाला हैदराबाद मुंबईच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे, आणि तिथं निम्स हेही तसंच केंद्र आहे. म्हाताऱ्यांना निजामाच्या काळापासून ती वाट ओळखीची, भाषेचंही अडत नाही. केंद्र सरकारच्या निधीला राज्याची हद्द आड येत नाही. महात्मा फुले योजनेचं कार्ड मात्र तिथं कामाचं नाही, हे आधीच सांग.

निधीचंही नीट समजावून सांगावं लागतं. 2021 च्या मार्चमध्ये धोरण आलं तेव्हा 20 लाख होते, तेही एकाच गटाच्या आजारांना. मे 2022 पासून 50 लाखांपर्यंत, तिन्ही गटांना. लोक ऐकतात 'सरकार 50 लाख देतं'. पैसे घरी येत नाहीत, उत्कृष्टता केंद्राकडं जातात. आजार यादीत असावा लागतो आणि नोंद केंद्रातच व्हावी लागते. थॅलेसेमिया, हिमोफिलियाचा मार्ग वेगळा. हिमोफिलियाचं फॅक्टर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. थॅलेसेमियाच्या मॅरो प्रत्यारोपणाला कोल इंडियाच्या बाल सेवा योजनेतून 10 लाखांपर्यंत मदत आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी चारही आहेत, तेव्हा यूडीआयडी कार्ड काढायला लाव. मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असेल तर निरामय विमा, तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज. आईला एसटीत 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. हे सगळं बारीक वाटतं, पण दर महिन्याला रक्त चढवायला सोलापूर गाठणाऱ्या घराला विचार तिकिटाचं मोल.

प्रत्येक कागदावर तारीख घाल. 16 कोटींच्या इंजेक्शनची बातमी घराघरांत गेली, आणि अजून स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी म्हटलं की बाप खाली बसतो. पण 2025 मध्ये रिस्डिप्लाम नावाच्या, तोंडानं घ्यायच्या औषधाची भारतीय कंपनीनं केलेली कितीतरी स्वस्त बाटली बाजारात आली. स्वस्त म्हणजे आपल्या घरांना परवडेल इतकी नव्हे, पण अशक्य होतं ते निदान बोलण्याजोगं झालं. दोन वर्षांपूर्वीचा कागद वाचून तू कुणाला 'काही नाही' म्हणालीस तर ते पाप तुझ्या माथी.

तसंच उलट बाजूचं. भूमच्या त्या पोराचा बाप मला न विचारता एका मोठ्या शहरात गेला. चकचकीत जागा, भिंतीवर हसऱ्या लेकरांचे फोटो, स्टेम सेलची तीन इंजेक्शनं. दोन एकर रान गेलं. पोर पडायचं ते पडतच राहिलं. रक्ताच्या काही आजारांतलं मॅरो प्रत्यारोपण सोडलं, तर असले उपचार आपल्याकडं मान्य नाहीत; आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे ते. डुशेनला स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीत दिलं तर चालणं दोन-तीन वर्षं लांबतं. एवढंच खरं होतं आणि एवढं तरी त्याला वेळेत मिळायला हवं होतं. मी त्याला आठवड्यानं फोन करायला हवा होता. नाही केला. माहिती देऊन झाली असं समजले. तेव्हापासून वहीत शेवटचा रकाना ठेवलाय, 'पुन्हा फोन कधी'. तो रकाना रिकामा ठेवून वही मिटायची नाही.

एकटीनं हे होणार नाही. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं, डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारींनी, गावातल्याच साध्या बायकांना भारतवैद्य म्हणून उभं केलं, ते आपल्याच जिल्ह्यात. गावाची बाई गावाला सांगते तेव्हा ते ऐकलं जातं. तू आशाताईंना धर. बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, 2013 साली पालघरहून सुरू झाला तो, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शाळेत एकदा. पण दसरा झाला की कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि पथक येतं तेव्हा नेमकं ते लेकरू कुठल्यातरी कारखान्याच्या फडावर कोपीत असतं. टोळी निघायच्या आधीचे पंधरा दिवस गावं फिरून घे. मुकादमाचा नंबर घेऊन ठेव.

आणि सगळंच अंधारातलं असतं असं नाही हं. जन्मतः थायरॉइड कमी असलेलं बाळ टाचेच्या दोन थेंब रक्तावर कळतं. पहिल्या काही आठवड्यांत साधी, स्वस्त गोळी सुरू झाली तर ते इतर लेकरांसारखं शाळेत जातं, राहिली तर बुद्धी खुंटते. गोव्यानं 2008 मध्येच बाळांची अशी तपासणी सुरू केली. आपल्याकडं निदान जुळ्या-तिळ्या, सुस्त, जास्त पिवळ्या राहणाऱ्या बाळांच्या आयांना तरी विचारत जा, "टीएसएच केलं का?"

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण तुला सांगावीच लागेल. कधी फोन येईल, बाळ अतिदक्षता विभागात आहे, डॉक्टरांनी आशा सोडली, आजाराचं नाव अजून नाही. अशा वेळी हळू आवाजात बापाला नाहीतर मामाला म्हण, की डॉक्टरांना विचारा, बाळाचं दोन-तीन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत जनुक तपासणीसाठी राखून ठेवता येईल का. किती निर्दय वाटतं ते तोंडातून काढताना. पण ते लेकरू गेल्यावर पुढच्या बाळाच्या वेळी आई विचारते, "याला तेच होईल का?" आणि ती नळी नसली की सांगायला काही नसतं.

मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मावशीचा मोठा 1987 ला गेला, धाकटा 1991 ला. 1987 हेच ते साल, ज्या साली परदेशात डुशेनमागचं प्रथिन, डिस्ट्रोफिन, ओळखलं गेलं. मुरूमला कोण सांगणार? मावशीला दोन्ही दिरांनी तोंडावर म्हटलं, तुझ्या पोटात दोष आहे. आई रात्री रडायची, पण आपल्याला काही बोलली नाही. मी नोकरीला लागल्यावर बाह्यरुग्ण विभागात एक पोर तसं स्वतःच्या अंगावर चढत उठताना बघितलं आणि मला भिंत धरावी लागली. सुट्टी काढून मुरूमला गेले, मावशीला सगळं सांगितलं. जनुक, आईकडून मुलाकडं, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं म्हणून नाही ना? बहात्तरच्या दुष्काळात धाकटा अंगावर होता." इतकी वर्षं ती ते घेऊन बसली होती.

आणि आता तू. तू सकाळपासून ज्या विषयाला हात घालत नाहीस तो. मावशीची दोन्ही पोरं गेली, रक्त कुणी ठेवलं नाही. मी माझी तपासणी केली ती जुन्या पद्धतीची, जनुकाचा मोठा तुकडा गळालाय किंवा दुप्पट झालाय का एवढंच बघणारी. बहुतेक रुग्णांत तसा बदल असतो, सगळ्यांत नसतो. माझ्या कागदावर 'आढळले नाही' लिहिलंय. 'नाही' असं लिहिलेलं नाही. मला एक मुलगा झाला, तो चांगला आहे, माझं निभावलं. आजीपासून मोजलं तर आईला निम्मी शक्यता होती, आपल्याला फार तर पाव, तुझ्या लेकीला त्याच्या निम्मी. कमी आहे. पण तिला बघायला पाहुणे यायला लागलेत, आणि तू लोकांच्या पोरींना सांगायला केंद्र काढते आहेस. आता पूर्ण जनुक वाचणारी तपासणी होते. आधी तुझी करू. तुझ्यात काही निघालं तरच लेकीची, तिला विचारून, ती हो म्हणाली तर. आणि तिच्या होणाऱ्या सासरी काय सांगायचं ते ती ठरवेल, आपण दोघी नाही.

रडू नकोस. किंवा रड, मी कुठं जात नाही.

रविवारी मुरूमला जाऊ. मावशीला हल्ली ऐकू कमी येतं, पण आजीच्या बहिणी किती, कुणाची कोणती पोरं गेली, हे ती अजून बोटांवर सांगते. तुझी कोरी वही घे, पहिल्या पानावर आपल्याच घराची वंशावळ काढू. मावशीच्या खालचे ते दोन काळे चौकोन मी भरते, त्यांना मी खेळवलंय. तुझा आणि माझा गोल तू काढ. लेकीचाही काढ, पण त्यात काही भरू नको, कोराच राहू दे.